परमिट नसेल तर खाली उतर

"खाली उतर! मंदार, आधी खाली उतर तिच्यावरून!"

आत्या ओरडली आणि समोरच्या झाडावरचा बर्फ धप्पदिशी खाली आला. मी वाढवून सांगत नाही. मला ओळखणारे म्हणतील की हा दुसरं काही करतच नाही, पण या एका वाक्यापुरतं मला सोडा. लांबच्या उतारावर स्की करणारे जागच्या जागी थांबले. लिफ्टच्या पाळण्यातून चाललेल्या एका बाईने वाकून खाली पाहिलं. आणि लॉजच्या मागच्या अंगणात स्नोमोबीलवर मांड टाकून बसलेला माझा मित्र मंदार, बाकावर उभं केलेल्या पोरासारखा ताठ झाला.

स्नोमोबील न पाहिलेल्यांसाठी सांगतो. पुढे चाकांच्या जागी दोन घसरपट्ट्या, मागे रणगाड्याला असतो तसा पट्टा, वर स्कूटरची सीट आणि हँडल. बर्फावरून पळणारं वाहन. आत्या तिला बर्फाची स्कूटर म्हणते.

"परमिट कुठाय?" आत्याने विचारलं.

"आत्या, इथे मागे कोणी बघत नाही."

"मी बघतेय ना," आत्या म्हणाली.

आता गंमत अशी, की ही सगळी मोहीम आत्यासाठीच होती. त्या स्कूटरवर बसायचं होतं ते तिलाच, आणि तिला ती हौस याच खेपेला भागवून घ्यायची होती. तरी किल्ली लावलेली गाडी समोर असताना ती माझ्या मित्राला खाली उतरवत होती. हे का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

डँडेनॉन्ग

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमच्या जिल्ह्याच्या आरटीओत जन्म काढून रिटायर झाली. लायसन्स आणि परमिटांची खिडकी तिची. त्या खिडकीतून ती दोनच वाक्यं बोलायची, "डॉक्युमेंट्स इनकम्प्लीट" आणि "पुढच्या महिन्यात या". एकदा म्हणे तिने खुद्द साहेबांच्या मेहुण्याला फोटोत डावा कान दिसत नाही म्हणून परत पाठवलं. साहेब खाली आले, तेव्हा साहेबांनाही सांगितलं, कान घेऊन या.

तिच्या खिडकीसमोरच टेस्टचं मैदान होतं. तिथे पोरं टू-व्हीलरवरून आठचा आकडा काढायची. गाडी वळवताना पाय जमिनीला टेकला की नापास. इतकी वर्षं जाळीतून ते आठ बघून बघून आत्याला म्हणे मान वर न करता नुसत्या इंजिनच्या आवाजावरून कळायचं की याचा पाय टेकणार.

आणि ही आत्या स्वतः आयुष्यात काहीही चालवायला शिकली नाही. सायकलसुद्धा नाही. स्वतःचा फॉर्म तिने दोन-तीनदा भरला होता. एकदा बदली झाली, एकदा सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, आणि मग काका म्हणाले, तुला जायचंय कुठे ते सांग, मी सोडतो. आणि सोडायचेही. जन्मभर, वेळेवर, न कुरकुरता. तक्रारीला जागाच ठेवली नाही त्या माणसाने. काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

तर ही आत्या दोन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात आली. एका शनिवारी आम्ही फॉस्टर स्ट्रीटला हिंग आणि कढीपत्ता घ्यायला गेलो. दुकानातल्या टीव्हीवर एक माणूस स्नोमोबीलवरून सपशेल पडला, उठला, अंगावरचा बर्फ झटकला आणि हसत परत बसला. आत्या हिंगाची डबी हातात धरून बघत राहिली. "पडला तरी लागलं नाही त्याला," ती म्हणाली. एवढंच.

रात्री जेवताना, आणखी थोडी आमटी वाढ म्हणावं त्या सुरात, ती म्हणाली, "मला ते चालवायचंय."

माझी बायको मेघा हॉस्पिटलात नर्स आहे. तिची नजर आधी आत्याच्या गुडघ्यांवर गेली. परत गेल्यावर आत्याच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर मांडी घालून बसायचं नाही आणि असल्या कशावर तर चढायचंच नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती. म्हणजे जे काय व्हायचं ते आत्ता, नाहीतर कधीच नाही. हे आत्याला पक्कं माहीत होतं. मेघालाही. म्हणून नको म्हणायचं सोडून मेघाने फक्त नी-कॅप काढून दिल्या, आणि वीकएंडची शिफ्ट सुटत नव्हती म्हणून आत्याला माझ्या स्वाधीन केलं. मेघाच्या मते या सहलीतला सगळ्यात मोठा धोका तोच होता.

मग मी मंदारला फोन केला. मंदार आणि मी एकाच वर्षी इथे युनिव्हर्सिटीला आलो, एकाच खोलीत गाद्या टाकून राहिलो. आता त्याला पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना आहे, वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, आणि अख्खा ऑस्ट्रेलिया त्याला ओळखतो असं त्याचं म्हणणं आहे. आत्याने फोन घेऊन त्याला अडचण सांगायचाच अवकाश, समोरून उत्तर तयार. "नो वरीज आत्या. वर डोंगरावर आपला माणूस आहे."

पासपोर्ट बदलला, देश बदलला, उन्हाळ्याच्या जागी हिवाळा आला, तरी आपल्या लोकांचं हे वाक्य काही बदलत नाही. आत्याने फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाली, "आपला माणूस कशाला? परमिट काढू की."

पायथ्याचं गाव

इथे बर्फाच्या डोंगरावर गाडी न्यायची तर आधी प्रवेशाचं परमिट ऑनलाइन काढायचं. ते गाडीच्या नंबरावर चढतं, कागद वगैरे काही मिळत नाही. आत्याला हे मुळीच पटलं नाही. पावती नाही म्हणजे पैसे भरलेच नाहीत, असा तिचा सिद्धांत. लायब्ररीत नेऊन मी तिला त्याची प्रिंट काढून दिली तेव्हा ती गाडीत बसायला तयार झाली. त्या प्रिंटच्याही तिने दोन झेरॉक्स काढल्या.

दुसरा नियम चेनचा. बर्फ पडो न पडो, चाकांना लावायच्या साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत, त्याशिवाय फाटकातून सोडत नाहीत. त्या पायथ्याच्या गावात भाड्याने मिळतात. दुकानदाराने आम्हाला चेन कशी लावायची ते एकदा दाखवलं. मंदार म्हणाला, मेट, मला येतं. थोडं वर गेल्यावर पाटी आली, आता चेन लावा. मंदारने बर्फात आडवं पडून, नाकाचा टोमॅटो होईपर्यंत, मागच्या दोन्ही चाकांना सुंदर चेन लावल्या. माझी गाडी पुढच्या चाकांवर ओढते. त्यामुळे मागची चाकं डोंगराला घट्ट धरून राहिली आणि पुढची बसल्या जागी फुगडी घालत राहिली. गाडीत बसून खिडकीची काच खाली करून आत्याने एकच विचारलं, "दुकानदार काय म्हणाला होता?" मंदारने परत आडवं होऊन चेन सोडवल्या आणि पुढे लावल्या.

त्या आधी गावातल्या बेकरीत आम्ही नाश्ता केला होता. तिथे व्हॅनिला स्लाइस म्हणून एक प्रकार मिळतो, दोन पापुद्र्यांच्या मधे विटेएवढा कस्टर्डचा थर. आत्याने तो चमच्याने खाल्ला आणि म्हणाली, खरवसात साखर जास्त झाली की असंच लागतं. मग दुसरा मागवला.

वर

वाटेतला डोंगर बघण्यासारखा आहे. आधी वणव्यात जळून गेलेली उंच झाडं लागतात, साल गळून पांढरी पडलेली, मैलोन्‌मैल, डोंगराच्या अंगावर काटा आल्यासारखी. त्यांच्याही वर, बर्फाला सुरुवात होते तिथे, स्नो गम लागतात. ही झाडं ठेंगणी, वाकडी, आणि त्यांच्या ओल्या खोडांवर हिरवे, तांबडे, राखाडी पट्टे. आत्या म्हणाली, यांना इरकली नेसवल्यात. थंडी इतकी, की थर्मासमधला चहा कपात पडेपर्यंत त्याची कुल्फी व्हायची. बरं, कुल्फी नाही, पण साय तरी नक्की धरली होती.

गाडी लावून दशम्यांचा डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी, लोणचं. आत्याने पहिला घास घ्यायच्या आत एक मोठा काळा पक्षी, पिवळ्या डोळ्यांचा, इथे त्याला करावाँग म्हणतात, तिच्या हातातली अख्खी दशमी घेऊन गेला आणि समोरच्या पाटीवर बसून खायला लागला. आपला कावळा निदान विचार करून घास घेतो. हा सरळ दरोडा. आत्या त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. "तुझे काका," ती म्हणाली. "मी कुठे निघाले की असेच आडवे यायचे." आणि त्याला दुसरी दशमी ठेवली, लोणच्यासकट.

मग आम्ही मंदारच्या माणसाकडे गेलो. तो एका लॉजमध्ये स्वयंपाकी होता. स्वतः भेटला नाही, कामावर होता, पण गाडी मागच्या अंगणात आहे, किल्ली तिलाच आहे, असा निरोप त्याने ठेवला होता. मंदार उडी मारून वर बसला, आणि तिथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

मंदार खाली उतरला. पण तोपर्यंत त्या आवाजाने डोंगराची रेंजर बाई आली होती. नाव शॅरन. गॉगलच्या जागी गोरी, बाकी चेहरा उन्हाने भाजलेला. कोण ओरडत होतं, तिने विचारलं. आत्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

शॅरनने जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्या गाडीचं परमिट लॉजचं आहे, तेही किराणा आणि पाहुण्यांच्या बॅगा वाहायचं. मौजेखातर फिरायचं नाही. हा डोंगर सरकारी आहे, त्यावर कुणीही उठून स्नोमोबील उडवू शकत नाही. आपल्याकडे सरकारी जागा म्हणजे ज्याची टपरी त्याची. इथे सरकारी म्हणजे सगळ्यांचं, म्हणून कुणा एकाचं नाही. शिवाय या बर्फाखाली पॉसम नावाचे मुठीएवढे, उंदरासारखे प्राणी हिवाळाभर झोपलेले असतात, इंजिनच्या आवाजाने ते जागे होतात. मी हे आत्याला मराठीत सांगितलं. तिने लगेच मान डोलावली. झोपलेल्याला उठवू नये, हे तिला पटायला दुसरा कायदा लागला नाही.

मंदारने इंजिन सुरू केलं असतं तर किती दंड झाला असता, तेही शॅरनने सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही, कारण मंदार हे वाचणार आहे आणि त्याला बीपीचा त्रास आहे. मग तिने आत्याच्या दंडावर थोपटलं, हिवाळ्यापुरती नोकरी करणार का म्हणून विचारलं, आणि खालच्या बाजूला बोट दाखवलं. तिथे परवाना असलेल्या कंपनीची स्नोमोबीलची सहल निघते, फी भरा, नियमाने चालवा.

आत्याचा चेहरा असा उजळला की आजूबाजूचा बर्फ वितळायला लागला असावा. "बघ," ती मंदारला म्हणाली. "असते खिडकी. शोधायची असते."

खिडकी

खिडकीत ग्लेन नावाचा दाढीवाला बसला होता. आत्याने बॅगेतून फाइल काढली. पासपोर्ट, व्हिसा, विमा, प्रवेशाची प्रिंट, तिच्या झेरॉक्स, सगळ्यावर स्वतःची सही. खिडकीत एवढी तयारी करून आलेलं माणूस ग्लेनने पाहिलं नसावं. त्याने सगळे कागद आदराने बाजूला सरकवले आणि एकच गोष्ट मागितली. ड्रायव्हिंग लायसन्स.

मी भाषांतर केलं नाही. लागलंच नाही. तो शब्द आत्याला कुठल्याही भाषेत कळला असता.

मंदार हळूच माझ्या कानाशी लागला, सांग ना की घरी विसरलंय, मी फोटो मागवतो म्हणावं. आत्याने ते ऐकलं, आणि ज्या नजरेने साहेबांचा मेहुणा घरी गेला होता ती नजर मंदारवर टाकली. मी ग्लेनला विचारलं, मागच्या सीटवर चालेल का. तो खुशीत म्हणाला, हो, मागे बसून कुणीही जाऊ शकतं, वर शिखरापर्यंत, व्ह्यू तर एकदम भारी.

"नको," आत्या म्हणाली. "मागे बसूनच आलेय मी जन्मभर."

आमच्या मागे रांग वाढत होती. आत्याने एकेक कागद परत फाइलमध्ये लावायला घेतला, नीट, कोपरे जुळवून. फाइलची दोरी बांधली. मी तिची बॅग उचलली. पण ती खिडकीवरून हलेना. काउंटरच्या फळीवर तिने हात ठेवला होता, आणि ती माझ्याकडे न बघता, अगदी हलक्या आवाजात म्हणाली,

"विचार त्याला. काहीतरी मार्ग असेल का."

माझ्या हातातली बॅग तशीच राहिली. हे वाक्य आत्याने आयुष्यभर ऐकलं होतं, खिडकीच्या दुसऱ्या बाजूने. रिक्षावाल्यांकडून, लग्न ठरलेल्या पोरांकडून, म्हाताऱ्या ट्रक ड्रायव्हरांकडून. मॅडम, काहीतरी मार्ग असेल ना. आणि दर वेळी तिने मान वर न करता त्यांना पुढचा महिना दाखवला होता. तिला पुढचा महिना नव्हता. पुढच्या महिन्यात गुडघे होते.

मी ग्लेनला विचारलं. गुडघ्यांचंही सांगितलं. त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, मार्ग आहे की. लॉजांच्या खाली शिकाऊंचं कुंपण आहे, चारी बाजूंनी बंद, ती जागा रस्ता म्हणून धरत नाहीत, म्हणून तिथे लायसन्स लागत नाही. मशीन लहान, वेग बांधलेला, आणि मी स्वतः शेजारून चालतो.

कुणीही आनंदाने उडी मारली असती. आत्याने चष्मा काढला, पुसला, लावला आणि विचारलं, "हे नियमात आहे, की मला बघून?"

ग्लेनने भिंतीवरचा नियमांचा फलक काढून तिच्यासमोर ठेवला. आत्याने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, बोट फिरवत, तळाच्या बारीक अक्षरांसकट. रांगेत तोपर्यंत अर्धं मेलबर्न उभं होतं, पण ऑस्ट्रेलियन रांगेची एक शान आहे, गोठून मेली तरी कुरकुरत नाही. मग आत्याने फी भरली, पावती मागितली, छापील मागितली, आणि फाइलमधून स्वतःचे दोन पासपोर्ट साइज फोटो काढून खिडकीतून आत सरकवले. ग्लेनला त्यांचं काय करायचं ते कळेना. एक त्याने परत दिला. दुसरा मागच्या बोर्डावर टाचणीने लावला, दोन्ही कान दिसत होते.

कुंपणाच्या आत

आम्ही दोघांनी धरून तिला सीटवर बसवलं. हेल्मेट घातलं. ग्लेनने तिच्या मनगटाला एक लाल दोरी अडकवली, माणूस पडला की ती सुटते आणि इंजिन बंद होतं. आत्याने ती बांधून घेताना हात छातीशी नेला, सत्यनारायणाचा धागा असावा तशी. मग त्याने समजावलं. उजव्या अंगठ्याने दाबलं की पळते, डाव्या हाताने ब्रेक. समोर दोन नारिंगी शंकू आहेत. दोन्हींना बाहेरून गोल वळसा घालायचा, एकाच दिशेने, बस्स. मी मराठीत सांगितलं, तिने ऐकलं. निदान मला तसं वाटलं.

गाडी निघाली. ग्लेन शेजारून चालू लागला. आणि पहिल्याच वळणाआधी आत्याने उजवा हात आडवा करून खालीवर हलवला.

मला लगेच कळलं. गाडी हळू करतेय, असा इशारा. मोटार वाहन नियमांतले सगळे हातवारे तिला पाठ आहेत, चित्रासकट. आता अंगठा उचलला की स्नोमोबील थांबते. म्हणजे आत्या इशारा करायची, गाडी थांबायची, आत्या हँडल धरायची, गाडी निघायची, आत्या वळायचं म्हणून हात गोल फिरवायची, गाडी पुन्हा थांबायची. ग्लेनला वाटलं बाई आपल्याला टाटा करतायत. तो दर वेळी हसून हात हलवायचा. बर्फात या दोघांचा असा निरोप समारंभ बराच वेळ चालला होता.

मग तिला लय सापडली. इशारे कमी झाले. पहिला शंकू तिने बाहेरून घेतला, छान, आणि दुसऱ्याकडे सरळ जायच्या ऐवजी दोन शंकूंच्या मधून तिरकी घुसली.

"आत्या, बाहेरून!" मी कुंपणावरून ओरडलो.

ती काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. समोर मैदान, मैदानात दोन खुणा, हातात हँडल. आणि आरटीओच्या बाईला अशा ठिकाणी एकच गोष्ट करता येते. ती आठ काढत होती.

त्याच कुंपणात समोरून दुसरा एक शिकाऊ येत होता, वॉलॉंगॉंगच्या पोलाद कारखान्यातला, बैलाएवढा माणूस. तो बरोबर गोल फिरत होता, आत्या मधून आली, आणि त्याने तिला वाट देण्यासाठी हँडल वळवलं ते थेट बर्फाच्या ढिगात. वर दोन बूट दिसत होते. मंदार धावला. तो माणूस ढिगातून उठला, दाढीतला बर्फ झटकला आणि लहान पोरासारखा हसायला लागला. फॉस्टर स्ट्रीटच्या टीव्हीतला माणूस हसला होता, अगदी तसाच.

आत्याने मागे वळूनही पाहिलं नाही. दुसऱ्या शंकूला घट्ट वळसा घालत ती परत मधे आली. अगदी शेवटच्या वळणात, गाडी जरा कलली तेव्हा, तिचा डावा पाय बाहेर आला, बर्फाला लागला, आणि लगेच आत गेला. इतका हलका की ग्लेनला दिसलाही नाही. आठ पूर्ण झाला. तिने इंजिन बंद केलं आणि हँडलवरचे हात काही वेळ काढलेच नाहीत.

ग्लेन टाळ्या वाजवत होता. मंदारने व्हिडिओ घेतला होता, पण त्याच्या हातमोज्याचाच. मी विचारलं, आणखी एक फेरी? फीमध्ये बसते. ती नको म्हणाली. बर्फात तिचा आठ तसाच उमटला होता, खालचं पोट मोठं असलेला, थोडा वाकडा, पण आठच. उतरून ती कुंपणाला टेकून त्याच्याकडे बघत उभी राहिली. नवीन बर्फ भुरभुरायला लागला तेव्हा म्हणाली, चला.

परत

येताना ती मागच्या सीटवर झोपली. लाल दोरी परत द्यायची होती, ती तिने आठवणीने परत केली होती, पण पावती पर्समध्ये होती. मंदार सगळ्या वाटेत त्याच्या माणसाला फोनवर सांगत होता की आत्यांना आम्ही कसं परमिट काढून दिलं.

घरी पोचलो तर मेघा नुकतीच शिफ्टवरून आली होती. मी उभ्याउभ्याच तिला सगळं सांगितलं. हिमकडे कोसळले, शंभरभर माणसं टाळ्या वाजवत होती, वॉलॉंगॉंगचा माणूस आकाशात उडाला, आत्याने हवेत आठ काढला. मेघा अशा वेळी माझ्याकडे बघत नाही. ती खाली बसून आत्याच्या नी-कॅप सोडवत होती. तिने आत्याला विचारलं, "मग आत्या, पास झालात का?"

आत्याने मोजा काढला, डावा, आणि ओला होता तो पिळला.

"पाय टेकला," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात या."